उद्योजक, उद्योजिका की महिला उद्योजक? पत्रिकेत काय छापायचं?

रंकाळाकर
सत्काराची पत्रिका छापायला द्यायची आहे. तीन सत्कारमूर्ती: एकींची शिरोली एमआयडीसीत फौंड्री, दुसऱ्यांची मार्केट यार्डात गुळाची अडत, तिसऱ्यांचं चपलांचं दुकान. छापखान्याच्या प्रुफात तिघींच्या नावाखाली 'महिला उद्योजिका' आलंय. एक जण म्हणतो 'व्यवसायिका' करा, दुसरा म्हणतो नुसतं 'उद्योजक' पुरे. मानपत्रातही हेच शब्द जाणार, म्हणून विचारतोय.

काना_मात्रा
आधी 'महिला' काढा. 'महिला शिक्षिका' लिहाल का? तसंच हे. 'उद्योजिका' सरळ शब्द आहे, लेखिका-संचालिकेच्या पंगतीतला. जि ऱ्हस्व, 'उद्योजीका' प्रुफात हमखास निसटतं. मानपत्रात घोळ होतो तो विभक्तीत. 'उद्योजिकाचा', 'उद्योजिकाने' नव्हे. 'उद्योजिकेचा', 'उद्योजिकेने', आदरार्थी 'उद्योजिकांनी'.

'व्यवसायिका' दोनदा चुकलंय. व्यवसायाला 'इक' लागला की पहिलं अक्षर वाढतं, म्हणून 'व्यावसायिक', व्या ला काना. शिवाय हा 'इक' म्हणजे लेखकातला 'अक' नव्हे, त्याचं 'इका' होत नाही. नागरिक, सैनिक, वैमानिक बाईलाही तसेच लावतो, तसंच हे.

शिरोली_नाका
तिघींना एकच शब्द कशाला? फौंड्रीत माल तयार होतो, त्या उद्योजिका. अडतवाल्यांना 'गूळ व्यापारी' लिहा. 'व्यापारिणी' व्याकरणात बसतं, पण यार्डातल्या सौद्यात कुणाच्या तोंडी नाही. 'अडत्या' तर पुरुषालाच शोभतो. चपला स्वतः बनवून घेत असतील तर उद्योजिका, नुसती विक्री असेल तर 'चप्पल व्यावसायिक'. 'विक्रेत्या' लिहिलंत तर काउंटरवर पगारी उभ्या आहेत असं वाटेल.

'मालकीण' बोलण्यात ठीक, पत्रिकेत नको. पाटलीण, सावकारीण म्हणजे बहुतेकदा पाटलाची, सावकाराची बायको. शेठाणीचंही तेच. 'ईण' लागला की धंदा नवऱ्याचा असल्याचा वास येतो. 'उद्योजिका'त ती भानगड नाही.

रंकाळाकर
भारी. फौंड्रीवाल्या मॅडमना 'उद्योगपती' केलं तर? आमच्या अध्यक्षांची फार इच्छा आहे.

काना_मात्रा
व्याकरणाची हरकत नाही. पती म्हणजे इथे स्वामी. २००७ साली प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'वरही खल झाला, शब्द तोच राहिला. पण 'उद्योगपती' म्हटलं की चार-पाच कंपन्यांचा समूह डोळ्यांसमोर येतो. एका फौंड्रीला लावलं तर खुशामत वाटेल.

जुना_राजवाडा
नुसतं 'उद्योजक' चुकीचं नाही हो. आपल्याकडे बायकाच 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, कोल्हापुरी कानाला ते खटकायचं नाही. मजकुरात 'उद्योजक अमुक यांनी कारखाना सुरू केला' असं लिहिलं की लिंगाचा प्रश्नच येत नाही. फक्त विशेषण जपा: 'यशस्वी' बदलत नाही, 'धडाडीचे' मात्र 'धडाडीच्या' करावं लागतं.

फाईल_नंबर
'महिला उद्योजक' हा गटाचा शब्द, योजना आणि फॉर्ममधला. कार्यक्रमाचं नाव 'महिला उद्योजक सत्कार सोहळा' बरोबर. नावाखाली मात्र व्यक्तीचा शब्द. कर्जाच्या कागदांत 'उद्योजक' लिहा नाहीतर 'उद्योजिका', बघतात ती मालकी. २०१६ च्या स्टँड-अप इंडियात १० लाख ते १ कोटीचं कर्ज होतं; भागीदारी वा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा महिलेचा (किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा) लागायचा. उद्यम नोंदणीत लिंगाचा रकानाच वेगळा आहे.

दुकानाच्या पाटीवर 'प्रोप्रा.' दोघांनाही चालतं. आणि पत्रिकेत 'सौ.' की 'श्रीमती' हे त्या-त्या बाईंनाच फोन करून विचारा, परस्पर छापू नका.