मदत हवी आहे: काळ्या मातीत आडवी पडलेली जड गाडी एकटीने कशी उचलावी?

नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात काम करते. वाड्या, तांडे, शेतातले आखाडे असं रोजचं फिरणं. गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटरसायकल, वजन १९५ किलो. माझं वजन पंचावन्नच्या आत, उंची बेताची. चालवायला काही अडचण नाही. प्रश्न पडलेल्या गाडीचा आहे.

मागच्या आठवड्यात एका आखाड्यावर गाडी बांधाकडेला स्टँडवर लावली होती. वरून जमीन वाळलेली, खाली ओल. मी गाय तपासत होते, तेवढ्यात स्टँड हळूहळू रुतत गेला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं होतं. गाईचे मालक आणि त्यांचा मुलगा होते म्हणून दोघांनी धरून उभी केली. पण पुष्कळदा मी परतीला एकटी असते, संध्याकाळ झालेली असते, मोबाइलला रेंज नसते.

व्हिडिओ खूप पाहिले. सगळे कोरड्या काँक्रीटवर, बहुतेक ठिकाणी सहा फुटी माणूस. चिखलात पाय सरकतो त्याचं काय करायचं, हे कोणी दाखवत नाही. ज्यांनी खरंच अशा जागी एकट्याने गाडी उचलली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावं. कंबर जपून कसं करायचं तेही.

प्रतिसाद (गॅरेजवाला, औसा)

ताई, माझ्याकडं बुलेट आन् क्लासिकच जास्त येतात, पडलेल्या बी लई येतात. आधी एक बगा, १९५ किलो तुम्हाला उचलायचे नसतात. गाडी चाकांवर आन् क्रॅश गार्डवर टेकलेली असते, तुम्ही फक्त तिला फिरवून उभी करता. सुरुवातीचा हातभर उचलताना जोर लागतो, अर्ध्याच्या वर आली की हलकी होत जाते.

तोंड गाडीकडं करून वाकून हँडल ओढायचं नाही. त्यानंच कंबर धरते. पाठ गाडीकडं करा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. मग सीटच्या कडेला कमरेखालचा भाग टेकवून उकिडवं बसल्यासारखं व्हा. गाडी डावीकडं पडली असली तर तुमच्या उजव्या हातात हँडलची खालची मूठ आन् डाव्या हातात मागचं कॅरिअर नाहीतर चेसिसचा पाइप. सायलेन्सर, इंडिकेटर, नंबर प्लेट धरायची नाही. पाठ ताठ, नजर समोर, आन् पायानं मागं रेटत बारीक बारीक पावलं टाकायची. आडतीवर हमाल पोतं घेऊन कसा उठतो, सगळा जोर मांडीचा, तसंच हे.

सरळ झाली की थांबा. जोरात रेटत राहिलात तर पलीकडं पडते, आन् तिकडं धरायला कोणी नसतं.

प्रतिसाद (सायंफेरी)

वरच्या सगळ्याला सहमत. फक्त डावी बाजू आणि उजवी बाजू यांत फरक आहे. तो नीट लक्षात घ्या, कारण स्टँड रुतून पडणारी गाडी नेहमी डावीकडेच पडते.

उजवीकडे पडली तर बरं असतं. स्टँड वर असतो, उचलण्याआधीच उघडून ठेवता येतो. गिअरचा खटका वर असतो, पहिला गिअर टाकता येतो, म्हणजे उचलताना गाडी घरंगळत नाही. खालच्या मुठीवर पुढचा ब्रेक असतो, तोही दाबून धरता येतो. मात्र तुमच्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे आहे, तो खाली येतो. तापलेला असेल तर आधी निवू द्या.

डावीकडे पडली की गिअरचा खटका गाडीखाली दबतो आणि खालच्या मुठीवर क्लच येतो. उचलताना हाताची बोटं आपोआप आवळतात. क्लच दाबला गेला की गिअरात असलेली गाडीही मोकळी होते. मूठ धरताना बोटं क्लचच्या दांडीच्या आत, मुठीवरच ठेवा. आणि गाडी न्यूट्रलमध्ये पडली असेल तर उजवा हँडल वर आलेला असतो, त्याचा ब्रेक दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला आवळून बांधा. मी ती पट्टी कायम हँडललाच गुंडाळून ठेवतो. शेतात गाडी लावताना इंजिन बंद करून पहिल्या गिअरात ठेवायची सवय मात्र सगळ्यात उपयोगाची.

आता चिखल. उचलण्याआधी पाच मिनिटं जमिनीला द्या. पाय जिथे रोवणार तिथे पोतं अंथरा, आखाड्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या असतात त्या आडव्या टाका, काही नसलं तर टाचेने खड्डे करून घ्या. क्रॅश गार्ड चिखलात रुतला असेल तर गाडी जागची हलत नाही, फक्त चिखल ओढत राहते. अशा वेळी गार्डभोवतीची माती काडीने मोकळी करा. उतार असेल आणि चाकं चढाच्या बाजूला असतील तर तशी उचलायच्या भानगडीत पडूच नका. गार्डवर गाडी फिरवून चाकं उताराकडे आणा, मग तुम्ही चढावर उभे राहता आणि उचलायचं अंतर कमी होतं. तिथे मात्र सरळ झाल्यावर पलीकडे जाण्याची भीती जास्त, तेव्हा शेवटचा जोर हळू.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, परभणी)

माझ्याकडे असे रुग्ण येतात म्हणून लिहिते. ताई, ज्यांना आधी स्लिप डिस्कचा त्रास झाला आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांचं अलीकडे ऑपरेशन झालं आहे, त्यांनी कोणत्याही पद्धतीने एकटीने उचलू नये. पडताना तुम्ही गाडीवर असाल तर आधी स्वतःचे हातपाय, मान, गुडघे तपासा. पडल्यापडल्या दुखणं कळत नाही, आणि त्याच तिरीमिरीत लोक गाडीला हात घालतात. थोडं बसा, पाणी प्या. डोक्याला लागलं असेल तर गाडी राहू दे, १०८ ला फोन करा.

उचलताना श्वास कोंडू नका, जोर लावताना श्वास सोडा. कमरेत पीळ देऊ नका, वळायचं असेल तर पावलं फिरवा. एकदोनदा नाही जमलं तर थांबायचं. नंतर पायात मुंग्या आल्या किंवा कळ खाली उतरली तर मालिश करून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लचची गोष्ट मला कुठेच सापडली नव्हती. आमच्या दवाखान्यामागे मोकळी जागा आहे, तिथे जुन्या गाद्या टाकून, दोघांना बाजूला उभं करून सराव करणार आहे. दोन शंका राहिल्या. पाठ गाडीकडे असताना स्टँड लावायचा कसा? आणि पेट्रोल सांडलेलं असताना लगेच सुरू केली तर चालते का?

प्रतिसाद (गॅरेजवाला, औसा)

डावीकडं पडली तर तुम्ही स्टँडच्याच बाजूला असता. गाडी सरळ झाली की तिचा भार कमरेवर राहू द्या, डावा हात मागं घट्ट, आन् टाचेनं स्टँड पुढं लोटा. पूर्ण उघडला का ते वळून डोळ्यानं बगा. स्प्रिंगमध्ये चिखल बसला की तो अर्ध्यातच अडकतो. उचलायच्या आधीच तिथली माती काढलेली बरी. स्टँडखाली टेकवायला फळीचा हातभर तुकडा सोबत ठेवा. त्याला दोरी बांधा, दुसरं टोक हँडलला. गाडीवर बसलात की दोरी ओढली, फळी वर.

पडल्याबरोबर पहिलं काम चावी बंद. उचलल्यावर टाकीचं झाकण पुसा, इंजिनवर सांडलेलं वाळू द्या, पेट्रोलचा वास जाईपर्यंत थांबा. विडीवाल्याला लांब उभं करा. नव्या गाड्यांना पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, म्हणून कधी कधी सेल्फ मारला तरी सुरू होत नाही. चावी बंद करून परत चालू करा. स्टँड लावलेला असताना गिअरात सुरू होत नाही, ते बी बगा. आन् निघायच्या आधी दोन्ही ब्रेक, क्लच, हँडल सरळ आहे का, मडगार्डात चिखल घट्ट बसून चाक अडतंय का, हे पाहिल्याबिगर हलू नका. आपल्या मातीत गाडी पडण्यापेक्षा ह्या मडगार्डातल्या चिखलानं चाक जाम झालेलेच जास्त येतात माझ्याकडं.

प्रतिसाद (सायंफेरी)

सरावाच्या वेळी औषधांची पेटी मागे बांधलेलीच ठेवा म्हणजे खरा अंदाज येईल. शेतात मात्र उचलण्याआधी ती सोडून बाजूला ठेवा. मागचं तेवढं वजन कमी झालं तरी सुरुवातीचा जोर बराच हलका होतो.