रात्री नाशिकला ऐकू येणारे जळगाव केंद्र

जळगाव आकाशवाणी रात्री नाशिकला ऐकू येई, कारण केंद्र तेव्हा शक्ती वाढवत असे, हे काहींचे मत मला पटत नाही. १९७६ साली सुरू झालेले हे केंद्र ९६३ किलोहर्ट्झवर, म्हणजे मध्यम लहरींवर होते. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. नुसती शक्ती वाढली असती, तर आवाज स्थिर राहिला असता. आमच्याकडे मात्र तो लाटेसारखा येई आणि ओसरे.

पंचवटीतल्या घरी आमचा ट्रान्झिस्टर खिडकीत असे. तो किंचित फिरवला की खरखर दबून निवेदकाचा आवाज वर येई, कारण आतला, अँटेनाचे काम करणारा फेराइटचा (एका चुंबकीय पदार्थाचा) दांडा ठरावीक दिशेच्याच लहरी नीट पकडतो. आईने तो कोन शोधून खिडकीच्या फळीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. नाशिकचे स्वतःचे केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर, एफएमवर असल्याने तिथे अशा खुणेची गरजच पडली नाही.

जळगाव केंद्राच्या इतिहासात खानदेशाबाहेरच्या या रात्रीच्या श्रोत्यांचीही नोंद व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.