अनुभव धागा: वयात येणारं मन, घर, दोस्त आणि रक्त

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना दोन वाक्यं मी सतत ऐकते. 'आमच्या घरात असं कुणालाच नव्हतं' आणि 'त्या मुलांच्या संगतीनं बिघडला'. दोन्ही वाक्यं बोलणारे पालक खरं तर घाबरलेले असतात, आणि दोष कुणाच्या पदरात घालायचा हे त्यांना आधी ठरवायचं असतं. मूल तोवर बाजूच्या खुर्चीत नखं खात बसलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ओळखीत कुणीतरी आहेच. घर, मित्रमंडळ आणि वारसा, या तिघांनी काय केलं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल तर लिहा. मुलाचं नाव, शाळेचं नाव नको. औषधांची नावं आणि डोस तर मुळीच नकोत, वाचणारा उद्या तेच मागायला जाईल. आणि 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही' असा प्रतिसाद कुणी टंकत असेल तर थांबा. होतं. डॉक्टरकडे कुणी नेत नव्हतं इतकंच.

जुळ्या मुलींची आई

माझ्या मुली एकसारख्या जुळ्या. लहानपणीच्या फोटोत कोण कुठली ते मलाही सांगता येत नाही. नववीत एकीचं बिनसलं. आधी पोट दुखायचं, तेही शाळा असेल त्याच सकाळी. मग केस विंचरणं बंद झालं. आंघोळीला गेली की नळ सोडून नुसती बसून राहायची. पोटाचे डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा नैराश्य निघालं.

सासूबाई लगेच म्हणाल्या, 'हे तुझ्या माहेरचं.' त्यात तथ्य होतं, माझी मावशी वर्षानुवर्षं खोलीबाहेर येत नसे. पण मग दुसरीचं काय? तिच्यातही तेच सगळं उतरलंय. डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होणाऱ्या आजारात) वारशाचा वाटा फार मोठा मानतात, पण तिथेही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमीच असते. नैराश्यात तर वारशाचा वाटा ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास धरतात. शिवाय हे टक्के एका मुलीचे नव्हेतच. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा भाग वारशाचा. तिच्या दुखण्यातलं इतकं मावशीचं आणि इतकं शाळेचं, असा हिशोब मांडता येत नाही म्हणाले.

आठवीत शाळेनं दोघींना वेगळ्या तुकड्यांत घातलं होतं. पुढे जिला काही झालं नाही तिला जुन्या मैत्रिणी मिळाल्या. जी आजारी पडली तिच्या वर्गात एक टोळकं होतं. ती बोलायला लागली की सगळ्याजणी एकदम गप्प व्हायच्या, तिचं बोलून झालं की पुन्हा सुरू. शिवी नाही, धक्का नाही, तक्रार करायची तरी कशाची? वर्गशिक्षिकेनं 'मुली आहेत, चालायचंच' म्हणून विषय मिटवला. तुकडी बदलून मिळाली आणि उपचारही सुरू झाले, आता बरीच सावरली आहे. दुसरीही अगदी निवांत आहे असं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तिचेही हात थरथरतात. कल दोघींत आहे, असं मला वाटतं.

वय २१, मुलगा

बाबांना बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाचा वर, कधी टोकाचा खाली जाण्याचा आजार. घरात त्याला 'बाबांचा मूड' म्हणायचे. शाळेत असताना कपाटात गोळ्यांची पाकिटं सापडली, नाव इंटरनेटवर शोधलं आणि एका रात्रीत नको तेवढं वाचलं. त्यानंतर बराच काळ मला आनंदाचीच भीती वाटायची. मित्रांबरोबर जोरात हसता हसता मध्येच थांबायचो: हे नेहमीचं हसणं आहे की सुरुवात?

शेवटी बाबांच्याच डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहा टक्के. इतरांच्या मानानं हे कितीतरी जास्त आहे, पण म्हणजे दहातल्या नऊजणांना होत नाही. यातला पहिला भाग मला आधीच पाठ होता, दुसरा तोवर कुणी सांगितलाच नव्हता. झोप सांभाळ, गांजाच्या वाटेला जाऊ नकोस, सलग काही दिवस झोपेची गरजच वाटेनाशी झाली तर लगेच ये, असं म्हणाले. होस्टेलवर गांजाला नाही म्हणणं अवघड जातं. एकदा सरळ सांगून टाकलं, 'घरात हिस्टरी आहे.' पुन्हा कुणी आग्रह केला नाही. उलट त्यातल्याच एकानं नंतर गाठून विचारलं, बाबांना कुठे दाखवता. त्याच्या आईचंही तसंच होतं.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी

वाईट संगतीबद्दल सगळेच बोलतात, मी चांगल्या संगतीबद्दल लिहिते. अकरावीत माझी एक जिवलग मैत्रीण होती. रोज रात्री फोन, आणि त्यात तेच ते. तिनं असं का म्हटलं असेल, त्यानं मेसेज बघूनही उत्तर का दिलं नाही, 'ओके'च्या पुढे पूर्णविराम कशाला टाकला. फोन ठेवल्यावर आधीपेक्षा जास्त रडू यायचं, तरी दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलल्याशिवाय करमायचं नाही. आई खूश होती, पोरीला मन मोकळं करायला कुणीतरी आहे म्हणून.

पुढे शिकताना मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांचं २००२ सालचं संशोधन वाचनात आलं. दोघींनी मिळून तीच ती दुःखं उगाळत बसलं की मैत्री घट्ट होते, आणि नैराश्याची, चिंतेची लक्षणंही जास्त दिसतात. मुलींमध्ये हे उगाळणं मुलांपेक्षा अधिक. वाचून आधी हसूच आलं, आणि लगेच तिला फोटो पाठवला. मैत्री अजून आहे. तोच विषय दुसऱ्यांदा निघाला की दोघींपैकी एक म्हणते, 'झालंय हे बोलून', आणि आम्ही फिरायला बाहेर पडतो.

एक बाबा

लाळेची चाचणी करून मुलाला पुढे नैराश्य येईल का ते कळतं, अशी जाहिरात पाहिली. करावी का?

धागाकर्ती

नका करू. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा २००३ सालच्या एका अभ्यासानंतर फार गवगवा झाला होता. त्या जनुकासह अशी १८ नावाजलेली जनुकं २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर पुन्हा तपासली गेली, तेव्हा नैराश्याशी त्यांचा संबंध इतर कुठल्याही जनुकापेक्षा जास्त निघाला नाही. या आजारामागे असंख्य बारीक जनुकीय फरक असतात आणि एकेकट्याचा परिणाम अगदी नगण्य. त्यापेक्षा घरातल्या मोठ्यांना विचारा, मागच्या दोन पिढ्यांत कुणाला काय झालं होतं. डॉक्टर पहिल्या भेटीत तेच विचारतील.

माध्यमिक शिक्षक

एकटा भेटला की शहाणा, चौघांत गेला की निराळाच, हा अनुभव आम्हा सगळ्यांना आहे. २००५ सालच्या एका प्रयोगात गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला होता. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत, मोठ्या माणसांना मात्र कुणी बघतंय याचा फारसा फरक पडत नव्हता. म्हणून मी कुणालाही चारचौघांत खडसावत नाही. मित्रांदेखत माघार त्याला घेताच येत नाही. पण हीच गोष्ट चांगल्यासाठीही चालते. आमच्या फुटबॉलच्या कॅप्टननं वर्गात सहज म्हटलं, 'मी जातो समुपदेशक मॅडमकडे बोलायला', आणि त्यानंतर आणखी काही मुलं आपणहून गेली. आमच्या भित्तिपत्रकांनी तोवर एकही गेला नव्हता.

तेरा वर्षांच्या मुलाची आई

आमच्याकडे आजारी मी होते. मी थकलेली, तो चिडका. तो उलट बोलायचा, मी तोडून टाकायचे, की तो आणखी उलट बोलायचा. कुणी सुरू केलं ते शोधण्यात अर्थ नव्हता. त्याचा स्वभाव मला चिडवत होता आणि माझं चिडणं त्याचा स्वभाव पक्का करत होतं. सगळे म्हणाले, त्याला समुपदेशनाला न्या. नेलं. बाईंनी त्याच्याशी बोलून झाल्यावर मलाच आत बोलावलं आणि विचारलं, 'तुम्ही नीट झोपून किती दिवस झाले?' मला उत्तर देता आलं नाही, रडूच फुटलं.

नैराश्यावरचे उपचार माझे सुरू झाले. तो काही महिन्यांनी दार लावून बसायचा थांबला. माझ्याच खोलीत येऊन बसायचा, फोनमध्ये डोकं घालून का होईना. नंतर कळलं की अमेरिकेत मर्ना वाइसमन या संशोधिकेच्या गटानं २००६ मध्ये नेमकं हेच नोंदवलं होतं. तीन महिन्यांच्या उपचारांत ज्या आयांचं नैराश्य ओसरलं त्यांच्या मुलांचे त्रास कमी झाले, ज्यांचं ओसरलं नाही त्यांच्या मुलांचे वाढले. नवरा म्हणाला, 'म्हणजे सगळं तुझ्यामुळेच होतं तर!' मी म्हटलं, त्या अभ्यासात बापांना कुणी तपासलंच नव्हतं, तू आधी तपासून ये.

सोळा वर्षांच्या मुलाचा बाप

माझ्या धाकट्या भावानं कॉलेजात असताना जीव दिला. घरात त्याला अपघात म्हणतात. मुलगा हल्ली रात्र रात्र जागा असतो, म्हणून डॉक्टरांना भेटलो. जवळच्या नात्यात आत्महत्या झालेली असेल तर धोका वाढतो, हे त्यांनी सांगितलं. त्याला सरळ विचारा, असंही म्हणाले. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो ही आपली समजूत खरी नाही.

आधी काकाची खरी गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, 'काकाला मित्र नव्हते का?' होते, भरपूर होते. मग मी विचारलं, तुला जीव द्यावासा वाटतो का. म्हणाला, तसं नाही, पण आपण नसतो तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी ते ऐकून घेऊ शकलो. डॉक्टरांना त्याच रात्री फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो, आता तो एकटाच आत जातो. अपघाताची ती गोष्ट मोडली म्हणून आई माझ्यावर नाराज आहे. तिच्याशी बोलायचं माझी बहीण बघते आहे.