नव्या डेस्कटॉपच्या पोटात डीव्हीडी, हार्ड डिस्क आणि साटा केबली हव्यात कशाला?

धागाकर्ता, विश्रामबाग (सांगली)

मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी नवा डेस्कटॉप जोडून द्यायचा आहे. दुकानाच्या मालकांनी दिलेल्या यादीत डीव्हीडी रायटर, एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणि मागे सीरियल पोर्ट (जुनी उपकरणे जोडण्याची खाच) असलेला मदरबोर्ड या तीन गोष्टी आहेत, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या दोन वस्तूंना आता कॅबिनेटच्या आत जागा देऊ नये व तिसरीसाठी मदरबोर्डची निवड अडवून ठेवू नये.

वेगाचा मुद्दा सगळेच पुढे करतात. साटा म्हणजे हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी रायटर केबलीने मदरबोर्डला जोडण्याची पद्धत; तिची सेकंदाला ६ गिगाबिटची सध्याची मर्यादा २००९ पासूनची आहे, म्हणून साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी ड्राइव्ह) सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपाशी अडते, तर पीसीआय एक्सप्रेस या अधिक वेगवान जोडणीच्या चौथ्या पिढीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी ७,००० मेगाबाइटच्या आसपास जाते. तथापि बिले आणि पट्ट्या छापणाऱ्या दुकानाला हा फरक जाणवणारही नाही. माझा आग्रह केबलींसाठी आहे. प्रत्येक साटा ड्राइव्हमागे डेटाची एक आणि विजेची एक अशा दोन केबली येतात, त्या हवेच्या वाटेत लोंबतात, आणि यार्डातली हळदीची बारीक भुकटी त्यांच्यावर व त्यांच्यामागे इतकी साचते की ब्लोअर मारूनही कोपरे साफ होत नाहीत. डेटा केबलीचे टोक जरासे सैल झाले, की सकाळी ऐन सौद्याच्या वेळी पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश येतो. याउलट २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एम.२ आकाराची पट्टी, म्हणजे तीच एनव्हीएमई ड्राइव्ह, मदरबोर्डवरच आडवी बसते आणि एका स्क्रूने घट्ट होते. (तो स्क्रू मात्र इतका लहान असतो, की तो पडला तर शोधण्यात जाणारा वेळ मजुरीत धरावा.)

विंडोज टाकण्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, त्यासाठी डीव्हीडी लागत नाही. ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घेतला आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) सुट्या केबलींचा निवडला, तर आत २४ पिनांची मुख्य केबल, प्रोसेसरची ८ पिनांची केबल, पंखे आणि पुढच्या बटणांच्या व यूएसबीच्या तारा एवढेच उरते. खरे तर २४ पिनांची केबल हासुद्धा १९९५ च्या एटीएक्स या मदरबोर्ड व वीजपुरवठ्याच्या रचनेचाच वाढवलेला वारसा आहे. फक्त १२ व्होल्ट देणारी १० पिनांची नवी रचना इंटेलने मांडलेली आहे, पण सुट्या भागांच्या बाजारात ती क्वचितच दिसते, म्हणून तो विषय येथे सोडून देतो.

दवाखाना, मिरज

आपले म्हणणे अडत दुकानापुरते मान्य, परंतु ते सर्वांना लागू करू नये. मिरजेत कोकणातून आणि कर्नाटकातून रुग्ण येतात आणि त्यांच्या हातातील लिफाफ्यात जुन्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयची सीडी असते. ती कोणत्या माध्यमावर द्यायची हे तपासणी केंद्राने ठरवलेले असते, आम्ही नव्हे. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या असे आपण सुचवाल, पण सामायिक टेबलावरची वस्तू दुपारपर्यंत दुसऱ्या खोलीत पोहोचते आणि रुग्ण समोर बसलेला असताना तिचा शोध सुरू होतो. जे रोज लागते ते कॅबिनेटला पक्के बसवलेलेच बरे. अडचण अशी की आजच्या बहुतेक कॅबिनेटना पुढच्या बाजूला डिस्क ड्राइव्हचा सव्वापाच इंची खणच ठेवलेला नसतो. हा निर्णय आमच्यावर लादला गेला आहे.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, रोज सीडी वाचणारे टेबल हा अपवाद मी मान्य करतो. दुकानात मात्र डिस्क कोणी घेऊनच येत नाही.

यंत्रशाळा, कुपवाड एमआयडीसी

डीव्हीडीचे मला सोयरसुतक नाही, पण सीरियल पोर्टबद्दल आपण फार सहज लिहिले आहे. अडत दुकानाच्या यादीत तो पोर्ट सवयीने आलेला नाही. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आपला आकडा आरएस-२३२ वरूनच, म्हणजे सीरियल पोर्टवरूनच, पाठवत असणार. आमच्याकडच्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) यंत्रांनाही प्रोग्राम याच मार्गाने जातो. यूएसबी कन्व्हर्टर लावून काम भागते हे खरे, तथापि तो एका यूएसबी पोर्टमधून काढून दुसऱ्यात खोचला की विंडोजने सीरियल पोर्टला दिलेला कॉम क्रमांक बदलतो आणि कॉम १ गृहीत धरणारे जुने सॉफ्टवेअर वजन शून्य दाखवत राहते. नकली चिपचे स्वस्त कन्व्हर्टर तर नव्या विंडोजच्या ड्रायव्हरसोबत चालतही नाहीत. शेतकरी समोर उभा असताना ही परीक्षा कोणी द्यावी?

धागाकर्ता

काटा सीरियलवर आहे, हे खरे आहे. परंतु क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमधून ठरवून देता येतो, आणि त्याहून सोपा मार्ग असा की सध्याच्या अनेक मदरबोर्डांवर कॉमचा हेडर, म्हणजे सीरियल पोर्टसाठीच्या पिनांचा संच, अजूनही असतो. त्याला पोर्ट असलेली धातूची पट्टी केबलीने जोडली की मागे खरा सीरियल पोर्ट मिळतो. त्यासाठी आत एक लहान केबल आली तर मी ती आनंदाने सहन करीन.

करसल्लागार, सांगली

हार्ड डिस्क काढण्याला माझा विरोध आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. जुने वर्ष एसएसडीवर घेऊन ती कपाटात ठेवणारे अशील मी पाहिले आहेत. जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानकसंस्थेचे मानक घरगुती वर्गाच्या एसएसडीकडून, लेखनक्षमता संपल्यानंतर, विजेविना ३० अंश तापमानाला एक वर्ष माहिती टिकण्याची अपेक्षा धरते. नवी ड्राइव्ह अधिक टिकेल, पण आपल्याकडचा एप्रिल-मे ३० अंशांवर थांबत नाही. शिवाय मोठ्या क्षमतेला हार्ड डिस्कच स्वस्त पडते.

धागाकर्ता

साहेब, हार्ड डिस्क घ्यावीच. ती आत नसावी इतकेच मी म्हणतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा हातात नेता येणारी वस्तू वरच्या मजल्यावर जाऊ शकत होती आणि जड कॅबिनेट टेबलाखालीच राहिले. बॅकअप ज्या पेटीतल्या माहितीचा घ्यायचा, त्याच पेटीत तो ठेवण्याला मी बॅकअप मानत नाही. बाहेरची हार्ड डिस्क आठवड्याला जोडावी, प्रत घ्यावी आणि मालकांनी ती घरी न्यावी.

करसल्लागार

दर आठवड्याला आठवणीने जोडणारा मालक आपल्याला भेटला असल्यास मला अवश्य कळवावे. आत बसवलेली डिस्क रात्री आपोआप प्रत घेते. न घेतलेल्या प्रतीपेक्षा टेबलाखालची प्रत बरी. मी दोन्ही ठेवायला सांगेन, मग त्यासाठी आपल्या दोन केबली वाढल्या तरी चालतील.

यंत्रशाळा, कुपवाड एमआयडीसी

येथे मी करसल्लागारांच्या बाजूने आहे. आपण केबली काढल्या नाहीत, कॅबिनेटमधून टेबलावर आणल्या आहेत आणि टेबलावर हळदीची भुकटी अधिक असते. आणि एक तांत्रिक सूचना: आत साटा डिस्क ठेवायचे ठरलेच, तर खरेदीआधी मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतील तक्ता वाचावा. काही बोर्डांवर विशिष्ट एम.२ खाचेत पट्टी बसवली की एकदोन साटा पोर्ट बंद होतात, आणि मग चांगली डिस्क बिघडली समजून बदलली जाते.

धागाकर्ता

तक्ता पाहिला, मी निवडलेल्या बोर्डवर पहिल्या एम.२ खाचेचा साटाशी संबंध नाही आणि कॉमचा हेडरही आहे. रात्रीच्या आपोआप प्रतीसाठी मी दुसऱ्या खाचेत स्वस्त एनव्हीएमई पट्टी सुचवणार आहे. करसल्लागारांचे अशील तेच असतील आणि त्यांनी साटा डिस्कचाच आग्रह धरला, तर तीही बसवून देईन, पण माझ्या कोटेशनमध्ये ती पर्यायी म्हणूनच लिहिलेली असेल.