विश्वसनीय, अधिकृत, अस्सल, आप्त : नेमका फरक काय?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादावर प्रकल्प लिहिते आहे. प्रकल्पाच्या सूचनांमध्ये एकीकडे 'विश्वसनीय स्रोत', दुसरीकडे 'अधिकृत माहिती' आणि तिसरीकडे 'अस्सल साधने' असं म्हटलंय. तिन्ही एकच समजायचं का? आणि 'विश्वसनीय' बरोबर की 'विश्वासार्ह'?

प्रतिसाद : शेवटचं आधी. विश्वसनीय आणि विश्वासार्ह यांत अर्थाचा फरक करू नये. दोन्हींचा अर्थ विश्वास ठेवण्याजोगा. 'विश्वासू' मात्र वेगळा. त्यात निष्ठा आहे, म्हणून तो माणसाला लागतो, कागदाला नाही. तुम्ही 'स्रोत' नीट लिहिलंत याचा आनंद झाला; छापील पुस्तकांतसुद्धा 'स्त्रोत' दिसतो.

आता उरलेले दोन. 'अधिकृत' म्हणजे ज्याला सांगायचा अधिकार आहे त्याने सांगितलेलं. परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठाचंच अधिकृत. पण एखाद्या कंपनीने स्वतःच्या औषधाबद्दल दिलेली माहितीही अधिकृतच असते आणि ती निःपक्षपाती असेलच असं नाही. कोणाच्या नावाने आलं एवढंच हा शब्द सांगतो, खरं किती ते सांगत नाही.

'अस्सल' अरबीतून आला. मूळ, नक्कल नसलेला. जुन्या कागदांच्या बाबतीत हा फार मोलाचा शब्द आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. अस्सल पत्रातसुद्धा लिहिणारा खोटं लिहू शकतो. वतनाच्या तंट्यांत तर बनावट कागदही पुढे केले जात. म्हणजे प्रश्न दोन झाले : हा कागद खरोखर त्याच माणसाचा, त्याच काळातला आहे का? आणि असला, तरी त्यातला मजकूर खरा आहे का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की विद्यार्थी दुसरा विचारतच नाहीत. वर्षानुवर्षं प्रकल्प तपासताना मला हेच सर्वांत जास्त खटकत आलंय.

प्रतिसाद : वरच्या सरांशी सहमत. तुमचाच विषय घ्या ना ताई. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७, ही तिथी उत्तरकालीन बखरींतून आली आणि बराच काळ तीच चालत होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणं, पुढे आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही तीच तिथी आहे, आणि परमानंद महाराजांच्या पदरचा कवी.

इथे वजन कशाला आलं ते बघा. टिळकांच्या नावाला नाही. एक घराण्यात राहिलेली शकावली, दुसरं दरबारी संस्कृत काव्य. दोघांचा हेतू वेगळा, घाट वेगळा, तरी तिथी एकच. उलट एकमेकींवरून उतरवलेल्या पाच बखरी एकच गोष्ट सांगत असतील, तर तो साक्षीदार एकच धरायचा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला आणि १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापायला घेतली, ती याच तळमळीने.

प्रतिसाद : शीर्षकात 'आप्त' आहे, पण त्याबद्दल कुणीच बोललं नाही! आज आप्त म्हटलं की नातेवाईक, आप्तेष्ट. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, मात्र प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, आणि शब्दप्रमाणाची व्याख्या 'आप्तोपदेशः शब्दः'. आप्त कोण, तर न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे असा. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू. पदवी, कुळ, वय काहीच आड येत नाही. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. ठाऊक आहे का, आणि प्रामाणिकपणे सांगायचंय का, एवढं दोनच गोष्टींत सगळं आलं. घरच्या ग्रुपवर मावशीने पाठवलेला मजकूर आजच्या अर्थाने आप्ताचा असतो, जुन्या अर्थाने बहुतेक वेळा नसतो. मावशीची इच्छा चांगलीच असते, पण तिने ते स्वतः जाणलेलं नसतं.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक. मराठी विश्वकोशातलं चालेल का? आणि बातम्यांत 'सूत्रांच्या हवाल्याने' येतं, ते कितपत धरायचं?

प्रतिसाद : विश्वकोश जरूर वापरा. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, बहुधा संदर्भही असतात. हे मोठं बळ आहे. फक्त साल बघा. पहिला खंड १९७६चा. गावांच्या नोंदींत लोकसंख्या १९७१ची किंवा १९८१ची सापडते. आकडा तेव्हा बरोबर होता, आज शिळा आहे. विकिपीडियावर 'संदर्भ हवा' असा शेरा दिसला तर ते वाक्य तूर्त उचलू नका, आणि शेरा नसला तरी तळटीप उघडून मूळ मजकूर वाचा.

'हवाला' हाही अरबीच. मुळात देणं दुसऱ्यावर सोपवणं. बातमीदार हवाला देतो तेव्हा विधानाची जबाबदारी तो पुढच्यावर टाकतो. तो पुढचा निनावी 'सूत्र' असेल, तर जाब विचारायला तुमच्यासमोर कुणी उरत नाही. ते ऐकीवच धरा आणि प्रकल्पात तसंच लिहा.

शब्द वापरायचेच तर 'विश्वसनीय' असा नुसता शिक्का मारू नका. 'शिवभारता'बद्दल 'समकालीन, दरबारी, काव्यरूप. तिथीला दुसऱ्या साधनाचा दुजोरा' असं लिहा. परीक्षकाला त्यातून तुमचा विचार दिसेल. आणि 'समकालीन'च्या जागी 'तत्कालीन' नको. समकालीन म्हणजे घटनेच्याच काळातलं, तत्कालीन म्हणजे आधी उल्लेखलेल्या त्या काळाचं, जसं 'तत्कालीन मुख्यमंत्री'.