संपृक्तता म्हणजे जागा भरणे नव्हे

पाण्याच्या रेणूंमधील रिकाम्या जागा साखरेने भरल्या की द्रावण संपृक्त होते, म्हणजे त्यात आणखी साखर विरघळत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते; ते मला पटत नाही. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या दुप्पट वजनाची साखर विरघळते आणि द्रावणाचे आकारमान सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास जाते; मी मोजपात्रात हे स्वतः पाहिले आहे. जागाच भरायच्या असत्या, तर पाणी दुपटीहून अधिक फुगले नसते, शिवाय तेवढ्याच पाण्यात मीठ मात्र ३६ ग्रॅमच का मावते, हेही त्यातून कळत नाही.

संपृक्त द्रावणात विरघळणे थांबतही नाही. स्फटिकातून जितके रेणू पाण्यात जातात, तितकेच त्याच वेळी परत स्फटिकावर बसतात, म्हणून तळाची साखर तेवढीच दिसते. अशा द्रावणात कोपरा तुटलेला खडीसाखरेचा खडा बरेच दिवस टांगून ठेवला, तर खड्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण तुटलेला कोपरा हळूहळू भरून येतो. (बाष्पीभवन होऊ नये म्हणून भांडे झाकलेले आणि तापमान स्थिर हवे, ही अट फार महत्त्वाची आहे.)