मदत हवी आहे: पेशी ज्या दिशेने ताणल्या, ॲक्टिनचे तंतू त्याच्या काटकोनात का येतायत?

पेशीवेडी (रात्री ११:१०)
तातडीने मदत हवी आहे. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, १४ तारखेला प्रबंध द्यायचाय आणि मी एका आकृतीवर अडकलेय.

३टी३ पेशी (उंदराच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या पेशी) सिलिकॉनच्या शीटवर वाढवल्या, यंत्रावर ताणल्या, ॲक्टिन दिसावं म्हणून फॅलोइडिनने रंगवल्या. ॲक्टिन या पेशीतल्या प्रथिनाचे जाड तंतू, म्हणजे स्ट्रेस फायबर, ताणाच्या दिशेने यायला हवेत ना? माझे काटकोनात येतात. सरासरी कोन ९० अंश. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. आमचे सर म्हणतात, स्लाइडवर ठेवताना शीट फिरली असणार. फिरलेली नाही, मी कोपरा कापून खूण केली होती. न ताणलेल्या शीटवर तंतू कशाही दिशांना आहेत, म्हणजे रंग ठीक आहे. दोरी ओढली तर ओढीच्या दिशेनेच सरळ होते, मग पेशीत उलटं कसं? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा, पुस्तकातली व्याख्या नको.

कल्चरहूडवाली (११:२४)
कसा ताण ते लिहिलंच नाही. एकदा ओढून धरून ठेवलात की मागेपुढे? किती टक्के, किती वेगाने, किती तास? शीटवर काय लावलं होतं?

जुना_झूलॉजीवाला (११:३१)
फिक्सेशन, म्हणजे रंगवण्याआधी पेशी आहेत तशा स्थिर करायची पद्धत, बदला. मी पंधरा वर्षं उणे २० अंशांच्या मिथेनॉलनेच फिक्स करतोय. दहा मिनिटांत काम होतं आणि चित्र स्वच्छ येतं. फॉर्मल्डिहाइडने पेशी आकसतात, मग कोनाबिनाचा काही भरवसा राहत नाही.

कल्चरहूडवाली (११:३७)
कृपया हे करू नका. मिथेनॉलने ॲक्टिनची घडण बिघडते आणि फॅलोइडिन नीट चिकटतच नाही. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, मग रंग आत शिरावा म्हणून ०.१ टक्के ट्रायटन, हेच बरोबर आहे.

जुना_झूलॉजीवाला (११:४०)
माझ्या स्लाइड्स मी पाहिल्यात. उत्तम येतात.

कल्चरहूडवाली (११:४२)
ॲक्टिनच्या की ट्युब्युलिनच्या, म्हणजे पेशीतल्या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंच्या?

जुना_झूलॉजीवाला (११:५५)
ट्युब्युलिनच्या. पण तत्त्व तेच.

कल्चरहूडवाली (११:५८)
तत्त्व तेच नाही, सर. ट्युब्युलिनला अँटिबॉडी लावतात, तिला मिथेनॉल चालतं. फॅलोइडिन हे अळंबीतलं विष आहे, ते ॲक्टिनचे रेणू जोडून झालेल्या अखंड तंतूलाच धरतं. घडणच बिघडली तर ते धरणार कशाला? या मुलीकडे आठवडाभर आहे, तिला चुकीच्या वाटेला लावू नका.

पेशीवेडी (१२:०५)
मिथेनॉल नाही, पॅराफॉर्मल्डिहाइडच वापरलंय. आणि मागेपुढेच ताणलं, अजून कसं ताणणार? १० टक्के, सेकंदाला एकदा, ४ तास. शीटवर फायब्रोनेक्टिन, म्हणजे पेशींना धरायला प्रथिन, लावलं होतं, त्याशिवाय ३टी३ सिलिकॉनवर बसत नाहीत.

कल्चरहूडवाली (१२:१४)
मग तुमचं काहीही चुकलेलं नाही. मागेपुढे, सेकंदाला एक या वेगाने ताणलं की तंतू ताणापासून दूर वळतात, हे फायब्रोब्लास्टमध्ये पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. तुम्ही म्हणता ती दोरीसारखी गोष्ट कोलॅजेनच्या मऊ जेलमध्ये पेशी असतील तर दिसते. तिथे तंतू ओढीच्याच दिशेने लागतात. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारला.

कारण असं: हे तंतू आधीपासून ताठ असतात, कारण त्यांच्यातलं मायोसिन हे प्रथिन त्यांना सतत आवळत असतं. शीट सैल झाली की ताणाच्या दिशेतला तंतू ढिला पडतो, आणि ढिला तंतू मोडून त्याचं ॲक्टिन सुटं होतं. सेकंदाला एकदा असं झालं तर मायोसिनला पुन्हा आवळून घ्यायला वेळच मिळत नाही. ज्या दिशेत लांबी फारशी बदलत नाही, तिथले तंतू टिकतात. टिकले ते दिसले.

लोखंडी_बाहू (सकाळी ६:४०)
ॲक्टिन-मायोसिन म्हणजे स्नायूच ना? मग पहाटे शंभर जोर, दोनशे बैठका आणि वर भिजवलेले हरभरे. महिन्यात फरक दिसेल. डब्यातली प्रोटीन पावडर घेऊ नका.

पेशीवेडी (६:५२)
दादा, हे उंदराच्या भ्रूणातून काढलेल्या पेशींबद्दल आहे, व्यायामाबद्दल नाही.

मोटारवाला_इंजिनिअर (७:१५)
जीवशास्त्र बाजूला ठेवा, आधी यंत्र तपासा. स्टेपर मोटर १० टक्के फिरली म्हणजे शीट १० टक्के ताणली, असं नसतं. चिमट्याजवळ वेगळा ताण, मध्ये वेगळा. शीटवर पेनाने ठिपके काढा, मोबाइलने चित्रण करा आणि ठिपक्यांमधलं अंतर मोजा. आडवं अंतरही मोजा. शीट दोनच टोकांना धरली आहे का?

पेशीवेडी (७:३०)
हो, दोनच टोकांना. बाजू मोकळ्या आहेत. याने काय फरक पडतो?

मोटारवाला_इंजिनिअर (७:४४)
सगळा फरक याने पडतो. बाजू मोकळ्या असतील तर लांबी वाढताना रुंदी आकसते. सिलिकॉन रबराचं घनफळ जवळपास बदलत नाही, म्हणून १० टक्के ओढलं की मध्यभागी रुंदी ४-५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे तुमची ९० अंशाची दिशासुद्धा शांत नाही, ती दर सेकंदाला दाबली जाते. लांबी खरंच न बदलणारी दिशा कुठे तरी तिरकी असणार.

मागवाला (८:०५)
ताई, मला पेशीतलं काही कळत नाही, पण ताण कळतो. अशोक चौकाजवळ आमचे आठ माग आहेत, चादरीचे. ताणा बीमवर घट्ट ओढलेला असतो, त्याने सूत तुटत नाही. तुटतं ते झटक्याने. दर धोट्याला सुतं वरखाली होतात, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि जे सूत ढिलं राहिलं ते आधी गुंततं, मग तुटतं. वरच्या ताईंनी लिहिलंय ते वाचून मला आमचा मागच दिसला की ओ. बाणा आडवा जातो, त्याला हा झटका बसत नाही.

कल्चरहूडवाली (८:२०)
दादा, ढिल्या सुताचं तुम्ही फार नेमकं सांगितलंत. फरक एकच, तुमचं सूत मेलेलं आहे आणि हे जिवंत. तंतूला तडा गेला की झिक्सिन नावाचं प्रथिन काही सेकंदांत त्या जागी जमतं आणि डागडुजी सुरू होते. टोकाला, जिथे पेशी फायब्रोनेक्टिनला धरून असते, तिथे टॅलिन ओढलं गेलं की उलगडतं आणि त्यात लपलेल्या जागा उघड्या पडतात. त्यांवर व्हिन्क्युलिन येऊन बसतं आणि पकड घट्ट होते.

मागवाला (८:२८)
म्हणजे तुटलेलं सूत सांधणारा कारागीर आतच बसलेला आहे! आमच्याकडे आता असा माणूस मिळत नाही. पोरं पुण्याला जातात.

सात_रस्ता (८:३५)
मागवाले, ती जुनी जाड चादर अजून करता का? आईला हवी आहे, दुकानात सगळ्या पातळ मिळतात.

मागवाला (८:४१)
आहे की. निरोप पाठवा.

पेशीवेडी (९:०२)
कृपया चादरीसाठी वेगळा धागा काढा. मला १४ तारीख आहे.

इंजिनिअर दादा, तिरकी असेल तर माझी सरासरी बरोबर ९० कशी येते?

मोटारवाला_इंजिनिअर (९:१०)
सरासरी सोडा. सगळ्या कोनांचा आलेख काढलात का?

कल्चरहूडवाली (९:१३)
हेच विचारणार होते. तंतूला शेंडा-बुडखा नसतो, ० आणि १८० अंश एकच. ५ आणि १७५ अंशांचे दोन तंतू ताणाला जवळपास समांतर असतात, पण त्यांची साधी सरासरी ९० येते. सरासरी काढायचीच तर कोन दुप्पट करून काढतात आणि मग निम्मा करतात. त्याआधी इमेजजे या चित्र मोजायच्या सॉफ्टवेअरमधल्या डायरेक्शनॅलिटीने आलेख काढा आणि नुसते बघा.

पेशीवेडी (११:४०)
काढला. ९० ला उंचवटा नाहीच!! दोन उंचवटे आहेत, एक ६५ च्या आसपास, दुसरा ११५ च्या. ० आणि १८० जवळ जवळजवळ काही नाही. तीन महिने मी "काटकोन" म्हणत होते आणि काटकोनात कोणी नव्हतंच.

मोटारवाला_इंजिनिअर (११:४६)
६५ आणि ११५ म्हणजे ताणाच्या दोन्ही बाजूंना सारखेच तिरके. शीट फिरली असती तर दोन्ही उंचवटे एकाच बाजूला सरकले असते. सरांना हेच दाखवा, कापलेल्या कोपऱ्यापेक्षा हा पुरावा पक्का आहे.

होटगी_रोडवरची (दुपारी १:२०)
मी पॅथॉलॉजीत आहे, एक गोष्ट जोडते. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी लांबीच्या दिशेने पसरलेल्या असतात. रक्त लांबीने वाहतं आणि प्रवाहाच्या घर्षणाने या पेशी व त्यांचे तंतू प्रवाहाच्या दिशेने लागतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला धमनीचा घेर ताणला जातो आणि तंतू त्यापासून वळतात, म्हणजे पुन्हा लांबीकडेच. दोन वेगळी बलं, पण दिशा एकच सुचवतात. तुमचा निकाल विचित्र नाही, तो आपल्या प्रत्येकाच्या धमनीत चालू आहे. चर्चेच्या भागात हे जरूर लिहा.

जुना_झूलॉजीवाला (१:४५)
पण हे तंतू वळले ते ताणामुळेच, यंत्राच्या थरथरीमुळे नाही, हे कशावरून? तुलनेचा प्रयोग कुठे आहे?

कल्चरहूडवाली (१:५२)
हा प्रश्न अगदी योग्य आहे, सर. दोन गोष्टी करा. एक, तेच यंत्र, तेच १० टक्के, पण १०० सेकंदांना एक फेरी. इतक्या संथ ताणात मायोसिनला जुळवून घेता येतं, तंतू वळायला नकोत. दोन, वाय-२७६३२ हे रसायन घालून पुन्हा वेगाने ताणा. त्याने रो-काइनेज हे एन्झाइम बंद होतं, मायोसिनचं आवळणं कमी होतं, आणि तेव्हा तंतू ताणाला समांतर लागल्याचं अस्तराच्या पेशींमध्ये दिसलेलं आहे. तुमच्यात तसं झालं तर दिशा शीट नाही, पेशी ठरवते हे सिद्ध होईल.

पेशीवेडी (दोन दिवसांनी, रात्री १०:१५)
संथ प्रयोग झाला. मध्ये वीज गेली म्हणून पहिला वाया गेला, दुसरा पूर्ण झाला. तंतू कशाही दिशांना, उंचवटा नाही. ठिपकेही मोजले: लांबी ९ टक्के वाढते, रुंदी मध्यभागी ४ टक्के कमी होते. सरांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, आता थरथरीचा प्रश्न उरत नाही.

वाय-२७६३२ मात्र आमच्याकडे नाही, मागवलं तर १४ च्या आत येणार नाही. सोलापुरात कोणाकडे थोडं आहे का?

कल्चरहूडवाली (१०:२२)
मी पुण्यात आहे, माझ्याकडे आहे. पाण्यात विरघळवलेलं, १० मिलिमोलर. १० मायक्रोमोलर हवं असेल तर हजारपट पातळ करा, म्हणून ५० मायक्रोलिटर पुरेल. उद्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने माझा भाऊ येतोय, थर्मासमध्ये बर्फ घालून देते. स्टेशनवर कोणी येईल का?

पेशीवेडी (१०:२४)
मी स्वतः येते. डबा क्रमांक निरोपात पाठवा.

मागवाला (१०:३१)
ताई, रात्री उशीर होतो त्या गाडीला. माझी रिक्षा आहे, स्टेशनवरून प्रयोगशाळेपर्यंत सोडतो. बर्फ वितळायच्या आत.